घरची वीज ओढ्यावर : टर्बाइनआधी पाइप ठरवा

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या गावच्या घरामागे वहाळ वाहतो आणि पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की दोन-दोन दिवस लाइट नसते.

सिंधुदुर्गात घाटाच्या पायथ्याला माझ्या मामांचं घर आहे. वहाळातली पाणी घ्यायची जागा घरापासून ३० मीटर उंच, पाइपची वाट १५० मीटर, पाणी सेकंदाला ५ लिटर. मामा म्हणाले, "टर्बाइन कुठलं घ्यायचं ते बघ." मी म्हटलं, मामा, आधी पाइप बघू.

का? उंची गुणिले लिटर गुणिले ५ केलं की छोट्या यंत्रातून मिळणारे वॅट अंदाजे कळतात. ३० × ५ × ५ म्हणजे ७५०. पण पाणी पाइपला घासत येतं आणि त्यात उंची खर्च होते. ६३ मिमीच्या पाइपात साधारण १० मीटर जातात, वीज उरते ५०० वॅट. ९० मिमीत जेमतेम २ मीटर जातात, वीज ७०० वॅट. चोवीस तास चाललं तर हा फरक दिवसाला जवळपास ५ युनिटचा! टर्बाइन हा सर्व्हर धरला, तर पाइप म्हणजे बँडविड्थ.

आता मटेरियल. जीआय मजबूत, पण जड, महाग आणि गंजणारा. पीव्हीसी स्वस्त, सोल्युशन लावून घरीच जोडता येतो. पण उन्हात ठिसूळ होतो, म्हणून पुरावा लागतो. जांभ्यात चर खणायचा म्हणजे मजुरी आली. काळा एचडीपीई उन्हात टिकतो, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकतो, कॉइलमध्ये मिळाला तर सांधे कमी. सांधे जोडायला मात्र हीटिंग मशीनवाला बोलवावा लागतो. आम्ही हाच ठरवला. फक्त वणव्यात तो वितळतो, त्यामुळे उन्हाळ्याआधी आजूबाजूचं गवत काढायचंच.

दाबाचं काय? ३० मीटर म्हणजे तळाशी साधारण ३ किलोचा दाब. दुकानदार म्हणेल, ४ किलोचा पाइप पुरे. पण वॉल्व्ह झटकन बंद केला की धावतं पाणी आपटतं आणि दाब क्षणात कितीतरी वर जातो. म्हणून ६ किलोचा घ्या आणि वॉल्व्ह फिरवत फिरवत हळू बंद होणारा बसवा. वरच्या तोंडाला जाळी, आणि तिच्या लगेच पुढे हवेसाठी उभी नळी. नाहीतर पानांनी जाळी तुंबली की आत पोकळी तयार होऊन पातळ पाइप चपटा होतो.

पैसे कमी असतील तर टर्बाइन नंतर बदलता येतं. १५० मीटर पाइप पुन्हा घालणं कुणालाच परवडत नाही.

आणि खरेदीआधी मोजा. उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी, पाण्यासाठी बादली : २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली तर ५ लिटर. हे माप पावसाळ्यात घ्या, डिसेंबरातही घ्या. वहाळ तेव्हा केवढासा होतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

चला, भेटू पुढच्या भागात!