मिठाची वाट



या व्यासपीठावर आजवर इतिहासाचे आणि साहित्याचे जाणकार बोलून गेले. मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा होमिओपॅथ. प्रवासाविषयी काहीतरी बोला, असा चिटणिसांचा आग्रह होता. ‘काहीतरी’ बोलणे मला जमत नाही, म्हणून एकाच वाटेविषयी बोलतो. ती वाट मी दोनदा चाललो आहे, एकदा पन्नाशीत आणि एकदा साठी उलटल्यावर.

सुरुवात मिठापासून करतो. आपल्या बेळगाव भागात मीठ कोकणातून येई, घाट चढून. रामघाटासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून तांडे वर येत. लमाण हा शब्दच ‘लवण’वरून आला असे मानतात. त्यामुळे मीठ समुद्राचे, ते खालून वर येते, हे आपल्या मनात पक्के बसलेले. हिमालयात मात्र अशी खोरी आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ वरून खाली येत होते. तिबेटच्या पठारावरील खाऱ्या सरोवरांचे मीठ, पाच हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडून, मेंढ्यांच्या पाठीवरून कुमाऊँच्या गावांत उतरत असे. अशा खोऱ्यांपैकी एक म्हणजे उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातील जोहार.

मी तिथे गेलो त्याचे मूळ कारण धार्मिक होते, हे लपवत नाही. भगवान ऋषभदेवांचे निर्वाण अष्टापदावर झाले, आणि ते अष्टापद म्हणजे कैलास, असे आमच्यात अनेकजण मानतात. कैलासाकडे जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक जोहारमधून जाई. कैलासापर्यंत त्या वाटेने आता जाता येत नाही. निदान आपल्या बाजूचा तिचा तुकडा तरी चालावा, एवढीच इच्छा होती. पण चालू लागल्यावर मन कैलासापेक्षा वाटेतच अडकले.

मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने ही वाट वर जाते. लिलम, बोगड्यार, रिलकोट, बुर्फू आणि शेवटी सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचे मिलम. एकंदर पन्नास-साठ किलोमीटर. बोगड्यारपर्यंत दरी इतकी अरुंद आहे की आकाश पट्टीसारखे दिसते आणि नदीच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. रिलकोट मागे पडले की झाडे संपतात, खोरे एकदम रुंद होते, हवा कोरडी होते. डावीकडे चढणीवर मर्तोली गाव आहे. तिथे नंदादेवीचे देऊळ आणि समोर हिमशिखरांची रांग. देवळाची घंटा वाजवली तर आवाज बराच वेळ खोऱ्यात फिरत राहतो.

या वाटेवर एक गोष्ट आधी पायांना कळते, मग डोक्याला. जुने पडाव माणसाच्या चालीने आखलेले नाहीत, मेंढीच्या चालीने आखले आहेत. मेंढ्या-बकऱ्यांचा कळप चरत चरत दिवसाला फार तर दहा-बारा किलोमीटर सरकणार. जिथे पाणी, सपाटी आणि गवत तिथे मुक्काम. एकेका जनावराच्या पाठीवर ‘करबच’ नावाची दुहेरी पिशवी, तिच्यात दहा किलोच्या आसपास ओझे. बैलाच्या मानाने हे फारच थोडे वाटते. पण हे जनावर कड्याच्या कडेने चालते, वाटेत स्वतःचे पोट भरते, आणि मालाखेरीज लोकरही देते. शेकडो जनावरांचा कळप निघाला की हिशेब जमतो. वर जाताना धान्य, गूळ, कापड. उतरताना मीठ, लोकर आणि टाकणखार.

टाकणखाराशी जरा थांबतो, कारण तो माझ्या व्यवसायातला आहे. सोनाराच्या पेटीत तो असतोच. आपल्या आज्यांच्या बटव्यातही असे. तान्ह्या मुलाचे तोंड आले की त्याची लाही मधातून लावत. (आज मी ते कुणाला सुचवणार नाही.) आमच्या औषधसंग्रहात तो ‘बोरॅक्स’ या नावाने आहे आणि त्याचे एक लक्षण प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते : खाली येण्याच्या हालचालीची भीती. पाळण्यात ठेवू लागले की दचकणारे मूल, ही त्याची ठरलेली खूण. मिलमहून परतताना आमच्यातले एक गृहस्थ प्रत्येक उतारावर खाली बसत. त्यांना पाहून मला हसू आवरेना, कारण ज्या वाटेने शतकानुशतके बोरॅक्स खाली उतरला, त्याच वाटेवर हा बोरॅक्सचा रोगी! एके काळी जगाला लागणाऱ्या टाकणखाराचा मोठा भाग तिबेटातून येई. एकोणिसाव्या शतकात आधी इटलीचा आणि मग कॅलिफोर्नियाचा माल बाजारात आला आणि हिमालयातल्या या व्यापाराचा एक पाय तेव्हाच लंगडा झाला. या वाटेचे सगळे नुकसान युद्धाने केले असे म्हणतात, ते तितकेसे खरे नाही.

त्याच बटव्यातली दुसरी चीज अतिविष. बाळगुटी उगाळलेल्या प्रत्येक घराला हा शब्द माहीत आहे. ती कळी ज्या वनस्पतीची, ती या हिमालयीन उंचीवरच उगवते. मिलमला एका आवारात तिची रोपे लावलेली पाहिली. आपल्या घरात चार पिढ्या उगाळली जाणारी वस्तू कुठून येते, हे मला साठाव्या वर्षी समजले.

आता ज्यासाठी हे व्याख्यान द्यावेसे वाटले, त्या भागाकडे येतो.

जोहारचे हे व्यापारी स्वतःला शौका म्हणवतात. सरकारी कागदांत ते भोटिया. उन्हाळ्यात वरच्या गावांत, तिथून तिबेटात; हिवाळ्यात खाली, तराई-भाबरच्या बाजारांपर्यंत. मिलमच्या पुढे त्यांना उंटाधुरा, जयंती आणि कुंगरी बिंगरी अशा तीन खिंडी एकामागोमाग ओलांडाव्या लागत, आणि मध्ये चारा नसल्याने शक्यतो एकाच दिवसात. पलीकडे ग्यानिमाची मंडी. पण मंडीत जाऊन भेटेल त्याच्याशी सौदा करायचा, असा हा व्यापार नव्हता. प्रत्येक घराचा तिकडे ठरलेला मित्र असे. ही मैत्री बापाकडून मुलाकडे येई. तिचे करार होत. आणि जोहारमध्ये असे सांगतात की करार करताना एक दगड फोडून दोघे अर्धा अर्धा जपून ठेवत. पुढे मालक स्वतः न जाता त्याचा मुलगा किंवा माणूस गेला, तर दोन तुकडे जुळवून पाहायचे. जुळले की माणूस खरा. हुंडी आणि पेढीचा व्यवहार आमच्या जातीच्या रक्तात आहे म्हणतात; पण भाषा वेगळी, धर्म वेगळा, राज्य वेगळे, मध्ये बर्फ, आणि उधारी मात्र पुढच्या वर्षापर्यंत, हे पाहून मी थक्क झालो.

डॉक्टर म्हणून मला त्याहून विलक्षण वाटली ती खिंड उघडण्याची रीत. हंगामाच्या आरंभी तिबेटकडून माणूस येई आणि चौकशी करी : तुमच्याकडे माणसांत साथ आहे का? जनावरांत रोग आहे का? दुष्काळ, लढाई? समाधान झाल्यावरच वाट खुली होई. ब्रिटिश काळातील नोंदींत हा रिवाज आला आहे. तिबेटी लोकांना देवीच्या साथीची मोठी धास्ती होती. आता विचार करा. ना प्रयोगशाळा, ना तपासणीचे कागद. सगळा आधार समोरच्याच्या शब्दावर. साथ लपवून एक हंगाम साधता आला असता, पण पिढ्यांची मैत्री गेली असती. अलीकडच्या महासाथीत माझ्याच दवाखान्यात लोक ताप लपवून बसत होते, तेव्हा मला या खिंडीची फार आठवण झाली.

या विश्वासाचा उपयोग इतरांनीही करून घेतला. नैनसिंह रावत हे नाव काहींनी ऐकले असेल. १८३० चा जन्म, मिलमचे घराणे, व्यवसायाने शाळामास्तर, म्हणून ‘पंडित’. सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांना तिबेटची मोजणी करण्यासाठी गुप्तपणे पाठवले. ते व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. प्रत्येक शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. पाणी कोणत्या तापमानाला उकळते ते पाहून उंची काढायची. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. नवकार जपणाऱ्या मला त्या कमी केलेल्या आठ मण्यांचे कौतुकही वाटते आणि थोडी हुरहुरही. ज्या वेशावर विश्वास ठेवून तिबेटने व्यापाऱ्याला आत घेतले, तोच वेश मोजणीसाठी वापरला गेला. नैनसिंहांचे धैर्य निर्विवाद आहे. पण नकाशा झाला की वाट वाटसरूंची राहत नाही, सरकारांची होते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारासाठी सहा खिंडींची नावे घातली होती, त्यांत कुंगरी बिंगरी होती. करार आठ वर्षांचा होता. १९६२ च्या जूनमध्ये तो संपला, पुन्हा झाला नाही, आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर युद्ध झाले. १९९२ मध्ये लिपुलेख आणि २००६ मध्ये नाथू ला व्यापाराला उघडली. जोहारची वाट बंदच राहिली. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पुष्कळ मुले शिकली, मोठ्या सरकारी पदांवर गेली. मेंढ्या विकल्या गेल्या.

मिलममध्ये शिरलो तेव्हा दुपार होती. जोहारमधले हे सर्वांत मोठे गाव. दगडी घरांच्या ओळी, मध्ये गल्ल्या, आणि बहुतेक घरांना छप्पर नाही. कोरीव लाकडी चौकटी उभ्या, आत कमरेएवढी खाजकुइलीसारखी डंख मारणारी बिच्छू घास. उन्हाळ्यात थोडी कुटुंबे वर येतात, बटाटे आणि औषधी वनस्पती लावतात. अशा एका घरी आम्ही उतरलो. मी कंदमूळ खात नाही हे सांगताना संकोच वाटला, कारण त्यांचे पीकच बटाट्याचे. बाईंनी काही न विचारता राजमा शिजवला, फाफराच्या भाकरी केल्या, आणि कांद्याच्या कुळातली ‘जंबू’ची फोडणी माझ्यापुरती वगळली. सूर्य डोंगराआड जाण्याआधी ताट समोर होते. पाहुण्याचा धर्म सांभाळणे हे त्या घराला नवे नसावे.

जेवताना म्हाताऱ्या यजमानांनी सांगितले की त्यांच्या वडिलांच्या तिबेटी मित्राकडे काही उधारी राहिली होती. मी विचारले, किती? ते म्हणाले, आमची त्याच्याकडे नव्हे, त्याची आमच्याकडे. मीठ आणले होते, धान्य पुढच्या वर्षी द्यायचे होते. पुढचे वर्ष आलेच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. साठ वर्षांपूर्वीचे देणे त्यांनी काल-परवाचे असल्यासारखे सांगितले आणि मला आणखी भाकरी घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी वर येणाऱ्या खेचरांच्या पाठीवर मी मिठाच्या पिशव्या पाहिल्या, आयोडीनयुक्त, समुद्राच्या. इथे जुन्या मिठाविषयीचा हळवेपणा मी डॉक्टर म्हणून आवरता घेतो. हिमालयाच्या पायथ्याचा सारा पट्टा गलगंडाचा. पाऊस आणि बर्फ मातीतले आयोडीन धुऊन नेतात, आणि तिबेटच्या सरोवरांच्या मिठातही ते फार थोडे. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले, आणि सरकारचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो १९६२ मध्येच. एकाच वर्षी वरचे मीठ थांबले आणि खालचे मीठ वर चढवण्याचे ठरले. हा निव्वळ योगायोग. पण पुढच्या पिढीच्या गळ्याच्या दृष्टीने तो वाईट ठरला नाही.

तुमच्यापैकी कुणाला जायचे असेल तर दोन गोष्टी. मुनस्यारीला प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. आणि तीन हजार मीटरांवर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये. डोके दुखून मळमळले तर वर चढू नका. झोकांड्या जाऊ लागल्या, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरा. माझी कुठलीही गोळी त्या उतरण्याची जागा घेणार नाही.

सीमा सडक संघटना आता मिलमपर्यंत मोटाररस्ता बांधते आहे. माझ्या दुसऱ्या खेपेला सुरुंगांचे आवाज ऐकू येत होते आणि जुन्या फरसबंद वाटेचे तुकडे राडारोड्याखाली गेले होते. आमच्या तुकडीतले तरुण हळहळले. मी बाईंना विचारले, रस्ता हवा का? त्यांनी मागच्या साली पोटदुखीने तळमळणाऱ्या शेजारणीला चार माणसांनी खांद्यावरून तीन दिवस खाली नेल्याचे सांगितले. ती वाचली का, हे विचारण्याआधीच त्या चुलीकडे वळल्या होत्या.