कामगारांचा बॅरिस्टर
(भाषणाचा मजकूर)



कोर्टकचेरी म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. काळा कोट दिसला की वाटते, हा मालकाचाच माणूस! पण एक बॅरिस्टर असे होते, की ते परळच्या बी. आय. टी. चाळीत आपल्या शेजारीच राहत होते. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९२७ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात गेले. नेमणूक सरकारची, पण तोंड काही सरकारकडे गहाण नव्हते! १९२८ साली कामगार स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती व भत्ता देण्याचे बिल आले, तेव्हा ते आपल्या बायाबहिणींच्या बाजूने उभे राहिले.

१९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे असेंब्लीत निवडून आले. पुढच्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. अमुक पायऱ्या चढल्याशिवाय संप केलात, तर तुरुंग! बाबासाहेबांनी तिथे वकिली पणाला लावली. संप म्हणजे काय? नोकरीचा करार मोडणे. करार मोडला तर दिवाणी दावा होईल, तो फौजदारी गुन्हा कसा? माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे. असा त्यांचा सवाल होता. उत्तर मिळाले नाही. हात वर झाले आणि बिल पास झाले.

मग बॅरिस्टर घरी बसले काय? नाही! ७ नोव्हेंबर १९३८ रोजी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसह त्यांनी संप पुकारला. गोळीबार झाला, तरी कामगार हटला नाही.

१९४८ साली मुंबई महाराष्ट्राचीच, हे त्यांनी भाषावार प्रांत कमिशनपुढे मुद्देसूद मांडले. १९५५ साली मुंबईचे वेगळे राज्य करण्याची निराळी योजना त्यांनी दिली, हेही लपवायचे कारण नाही. त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन मात्र संयुक्त महाराष्ट्र समितीत लढला, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

तेव्हा गड्यांनो, मत मागायला वकीलसाहेब आले, तर डिग्री विचारू नका. एवढेच विचारा: सभागृहात आमच्या बाजूने बोलाल ना? आणि तिथे हरलात, तर आमच्याबरोबर रस्त्यावर याल ना?

जय महाराष्ट्र!