विरोध उघड्या दाराला होता



श्रद्धेसाठी किंमत मोजणारे ख्रिस्ती म्हटले की आपल्याला रोमच्या आखाड्यातले सिंह आठवतात. मी तितक्या लांब जाणार नाही. आजचा विषय मुख्यतः मुंबई, पुणे, नगर आणि केडगाव एवढ्या मुलखात मावतो. इथे कुणाला सिंहापुढे टाकले नाही. इथे आईने उंबरठ्याबाहेर थांबवले, बायकोने मूल घेऊन बहिणीचे घर गाठले, आयुष्यभराच्या स्नेह्यांनी राजीनामे धाडले.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने मनातल्या ख्रिस्ताला फारसा विरोध केला नाही, असे माझे म्हणणे आहे. बायबल वाचणारे आणि येशूच्या उपदेशाबद्दल आदराने बोलणारे सुशिक्षित पुष्कळ होते. १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजात तर असे अनेक सापडतील. त्यांना कुणी वाळीत टाकले नाही. माणूस जे मानतो ते चारचौघांत बोलून दाखवी आणि त्याप्रमाणे वागू लागे, तेव्हा वादळ उठे.

पहिली मोठी वादळे मुंबईत झाली. १८३९ साली स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले, मुलाला मर्जीप्रमाणे राहू दिले गेले, आणि पारशी पालकांनी विल्सनसाहेबांच्या शाळेतून आपली मुले काढून घेतली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले, पण जात त्याला परत घेईना. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. श्रीपत तर कोवळा पोर. त्याने ना कसली साक्ष दिली, ना बाप्तिस्मा घेतला. भावाच्या निर्णयाची झळ मात्र त्याला लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ती पुढेही दिसणार आहे.

सरकारने यावर दोन कायदे केले. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाची पत्नी वा पती त्याच कारणावरून सहा महिने नांदायला तयार नसेल, तर त्याला कोर्टाकडे विवाहविच्छेद मागता येऊ लागला. त्यातही न्यायाधीशाने दोघांची भेट घडवावी, वर्षभर निकाल लांबवावा, अशी सोय होती. कायद्याने जमीन वाचवता येई. पण पंगत उठून गेली तर ती कोणत्या कलमाने परत बसवणार?

आता पंडिता रमाबाईंकडे येतो.

१८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईबाप गेलेले, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलेली आणि दोनच वर्षांत विधवा झालेली ही बाई १८८२ मध्ये पुण्यात आली, तेव्हा पुण्याने तिला डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, तिने इंग्लंडातल्या वाँटेज गावी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. बातमी आली आणि तेच पुणे संतापले. तिची बाजू उघडपणे घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ते तिच्या बाजूने लिहून गेले.

ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई ख्रिस्ती गुरूंच्याही मुठीत गेल्या नाहीत, हे आपण बहुधा विसरतो. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावे की नाही, यावर बिशप मंडळींनी नाही म्हणून कळवले. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. देवाने मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि ती मी कुणा बिशपच्या हवाली करणार नाही, असा त्यांचा एकूण सूर आहे. खायला अन्न आणि पोरीच्या डोक्यावर छप्पर ज्यांनी दिले, त्यांनाच परक्या देशात हे ऐकवायचे, याला छाती लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन, विधवा मुलींसाठीची शाळा आणि वसतिगृह, निघाले. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा आणि अट धर्माबाबत तटस्थ राहण्याची. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. त्याच १८९० सालचे पंचहौद मिशनमधले चहाचे प्रकरण आपल्याला माहीत आहे. मिशनच्या आवारात चहाच्या पेल्यांपुढे बसलेल्यांची नावे छापून आली आणि रानड्यांसारख्यालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्याला जिथे ही शिक्षा, तिथे रमाबाई उघडपणे प्रार्थना करीत होत्या.

झाले एवढेच. रमाबाई आपल्या खोलीत लेक मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. सदनात मुलींना आपापली पूजाअर्चा, उपासतापास, सोवळेओवळे करायची मोकळीक होती. रमाबाईंनी कुणाला प्रार्थनेला बोलावले नाही. तक्रार उघड्या दाराची होती. ‘केसरी’ने झोड उठवली. रमाबाईंचे उत्तर सरळ होते. हिंदू मुलींना या घरात आपला धर्म पाळायची मुभा आहे, तशी ती मलाही आहे. मी चोरून प्रार्थना करणार नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि वीस-पंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या.

रानड्यांना मी इथे खलनायक करू इच्छित नाही. पालकांनी मुली धाडल्या त्या त्यांच्या शब्दावर, आणि पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे सदनातल्या काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. तरीही माझे मत रमाबाईंकडे झुकते. दार लावून घेतले असते तर संस्था वाचली असती, सल्लागार राहिले असते, वर्गण्या चालू राहिल्या असत्या. पण मुलींना मग काय दिसले असते? आपल्या बाईंना जे सर्वांत मोलाचे वाटते, ते लपवण्यासारखे आहे, हे. ज्या विधवा मुलींना घरच्यांनी लपवूनच ठेवले होते, त्यांच्यापुढे आणखी एक लपवालपवी करणे रमाबाईंना जमले नसावे. त्या मुली केशवपनाच्या धाकातून, माजघराच्या अंधारातून आलेल्या होत्या. एखादी बाई भीतीशिवाय उघड्यावर आपले मन बोलते, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

पुण्यातल्या प्लेगच्या धामधुमीत, १८९७ साली, सरकारी छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनीच ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. सरकारने त्यांचे आरोप फेटाळले. गोऱ्या सरकारची मर्जी सांभाळण्यासाठी ख्रिस्ती झाली, असे ज्यांनी तिच्याबद्दल म्हटले त्यांनी हे पत्र वाचावे. पुढे केडगावला रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले. तिथे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले आणि ते सदनातल्या बायकांनी जुळवले, छापले. १९२२ साली ते काम पुरे करूनच त्या गेल्या.

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक. करजगावचे, १८६१ चे. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही तुकारामजी नाथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून. गोऱ्या मिशनरीकडून घ्यायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. टिळकांची ही बाजू मला फार मोलाची वाटते. ख्रिस्त स्वीकारला तरी देश आणि भाषा सोडायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

पण त्या दिवसाची किंमत सर्वांत आधी चुकवली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वडील घरात घेत नसत. नवरा ख्रिस्ती झाला. ना तिला विचारले होते, ना तिची तयारी होती. लोक तिच्याकडे बघत ते जिवंत नवऱ्याची विधवा म्हणून. मुलगा दत्तू याला घेऊन ती बहिणीकडे पंढरपुरास राहिली. चार-पाच वर्षे अशी गेली. १८६६ चा कायदा टिळकांना ठाऊक नसेल असे नाही, पण त्यांनी तो रस्ता धरला नाही; ते थांबून राहिले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवते. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या नगरला टिळकांकडे आल्या त्या आपली चूल वेगळी ठेवून, आपल्या शंका, आपले सोवळे घेऊन. जातपात देवाने केलेली नाही हे त्यांच्या स्वतःच्या मनाने ठरवल्यावर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची साक्ष टिळकांच्या साक्षीपेक्षा उणी नाही. उलट दोनदा किंमत मोजून आलेली आहे. एकदा नवऱ्याच्या निर्णयापायी आणि एकदा स्वतःच्या.

टिळकांना एवढे सोसूनही मिशनच्या चौकटीत समाधान लाभले नाही. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले-न झालेले, येशूला मानणारे सगळे तिथे यावेत अशी कल्पना. मिशनला हे पटणे कठीण होते. एकदा घराने सोडले, आता साहेबांनाही सोडायचे, तेही पंचावन्नाव्या वर्षी. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आतापर्यंत मी ज्यांची नावे घेतली ती बहुतेक ब्राह्मण आहेत. याचे कारण उघड आहे. लिहिणे त्यांच्या हातात होते, म्हणून त्यांच्या वेदना आपल्याला वाचायला मिळतात. महाराष्ट्रातले बहुसंख्य मराठी ख्रिस्ती मात्र नगर-जालना भागातल्या महार-मांगांतून आलेले. आरंभी ज्यांचे नाव घेतले त्या नारायण शेषाद्रींनीच पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव त्यांच्यासाठी वसवले. गावगाड्यात बलुत्यावर जगणाऱ्या माणसाने गावदेवीच्या जत्रेतले काम नाकारले, तर त्याचा शब्द वर्तमानपत्रात येत नाही. त्याची भाकरी बंद होते. अशा ख्रिस्ती झालेल्यांना मतलबी म्हणून हिणवणाऱ्यांनी याचाही हिशेब करावा.

आणि त्यांची किंमत अजून चालू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. म्हणजे दलित ख्रिस्ती माणसाने कागदावर ‘ख्रिस्ती’ लिहिले की सवलत गेली. न लिहिता गप्प राहिला तर मिळते. रमाबाईंना पुणे जे सांगत होते, तेच सरकारी अर्ज आज सांगतो.

एक उदाहरण सांगतो. मद्रासला रस्त्याकडेला चपला शिवणारा एक चांभार होता. सरकारने चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या. तो ख्रिस्ती म्हणून त्याला वगळले. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालयाने त्याची मागणी नाकारली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच राहतो याचा पुरावा पुरेसा नाही, असे म्हटले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्ये याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. त्या चांभाराला कुणी श्रद्धा सोडायला सांगितले नव्हते. त्याने ती कागदावर खरी लिहिली होती, आणि जातही खरीच लिहिली होती. दोन्ही खरे एका कागदावर लिहिणाऱ्याला टपरी मिळायला हवी, असे मला ठामपणे वाटते.