तालीम केवळ मल्लांची नव्हे



मुळशी तालुक्याला व्यायामाचे महत्त्व बाहेरून येऊन कोणी सांगावे, अशी स्थिती कधीच नव्हती. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातील मुठे गावचे. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून याच परिषदेमुळे घराघरांत पोहोचला. लाल माती, वस्तादांची शिस्त आणि जत्रेतील कुस्त्यांचा फड यांची ओळख येथील मुलांना करून द्यावी लागत नाही.

तथापि या परंपरेची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तालीम ही मल्लांची, म्हणजे तरुण पुरुषांची, मानली गेली. इतरांना तिची गरज भासली नाही. खाचरातली चिखलणी, आवणातली भातलावणी, डोक्यावरचे भारे, चढावरून वाहिलेले पाणी, जाते आणि उखळ अशी मेहनत घरोघर होतीच. आता पिठाच्या गिरण्या आल्या, नळ आले, चिखलणीला यंत्र आले. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि पिरंगुट परिसरातील कारखाने यांनी हाताला काम दिले. परंतु त्यातील बरेचसे काम बसून करावयाचे आहे. जमिनीचा मोबदला पुष्कळांना मिळाला. जमिनीबरोबर शरीराची जी राबणूक गेली, तिची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी झाली नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्यांत खेड्यातील माणसेही आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'आमच्या माणसांना कष्ट पुरेसे आहेत, व्यायाम कशाला?' असा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो. कष्ट आणि व्यायाम ही दोन भिन्न कामे आहेत. लावणी करणारी स्त्री दिवसभर कमरेत वाकते; तिची पाठ थकते, पण बळकट होत नाही, कारण थकल्यावर थांबण्याची मुभा तिला नसते. व्यायामात भार मोजून घेतला जातो, दोन्ही अंगांना सारखा दिला जातो आणि हळूहळू वाढविला जातो. मध्ये विश्रांती असते. स्नायू वाढतो तो या विश्रांतीतच. जुने वस्ताद हे जाणत होते. म्हणूनच तालमीत हलक्या मुद्गलाच्या जोडीपासून जड जोडीपर्यंत चढत जाण्याची रीत होती. केवळ जोर-बैठकांची संख्या शेकड्यांनी वाढविल्याने दम वाढतो. ताकद वाढण्यास भारही वाढावा लागतो.

पहिल्या काही आठवड्यांत स्नायूंचा आकार फारसा बदलत नाही, तरीही ताकद वाढलेली जाणवते. मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायूतंतूंना कामाला लावण्यास शिकतात, हे त्याचे कारण होय. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, म्हणून मधुमेहात या व्यायामाचा विशेष उपयोग. भार पेलणारे हाडही घट्ट राहते.

वृद्धांविषयी बोलताना १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे झालेल्या एका प्रयोगाचा उल्लेख करावासा वाटतो. ८६ ते ९६ वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी भार उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटींहून अधिक झाली. दोघांची तर काठी सुटली. प्रयोग लहान होता हे खरे. पण पुढील अनेक अभ्यासांनी त्याची दिशा योग्य ठरविली. ओटीवरून पडून खुब्याचे हाड मोडलेली आणि मग अंथरुणालाच खिळलेली आजी प्रत्येक गावात असते. तिचे पडणे हे नशिबाचे मानले जाते. पुष्कळदा ते मांड्यांतील ताकद गेल्याचे फळ असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचा व्यायामही तीन दिवस करावा. सकाळच्या फेरफटक्याने पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही.

गावोगाव खुल्या व्यायामशाळांची साधने उभी राहिली आहेत. त्यांचे स्वागत असो. परंतु त्यांतील बहुतेक साधनांचा भार वाढविता येत नाही आणि काही नुसतीच झुलतात. त्या खर्चाच्या अल्पांशात वाळूच्या दोन, पाच आणि दहा किलोंच्या पिशव्या, मुद्गलाच्या चार जोड्या आणि भक्कम बाके मिळू शकतात. बाकावरून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पिशवी जमिनीवरून उचलून पायरी चढणे एवढ्यावर आरंभ होतो. दहा-बारा वेळा सहज जमू लागले की पुढची पिशवी घ्यावी. गावात तालमीची इमारत असल्यास आठवड्यातील दोन दिवस, ठरावीक वेळ स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामपंचायतीस करता येईल. त्या वेळेस शिकविणारी व्यक्ती स्त्री असावी. नाहीतर ठराव कागदावरच राहील. शाळेत कवायतीच्या तासाला लेझीमबरोबर दोरीवर चढणे आणि मल्लखांब असावेत.

उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि भार उचलताना कोणीही श्वास रोखून धरू नये. लावणीच्या दिवसांत आवणात वाकणाऱ्या स्त्रीपुरुषांना वेगळा भार देऊ नये. लावणी उरकून पाठ मोकळी झाली, की पाच किलोंच्या पिशवीपासून पुन्हा आरंभ करावा.