डिस्क नवी, परवाना जुनाच
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी रीत आहे. ते आपण जाणता. जाणत नसता तर कामाचा दिवस मोडून मुलांना घेऊन येथे आला नसता. म्हणून मी आज एका अगदी व्यवहारातल्या गोष्टीविषयी बोलणार आहे.

आपल्या पुष्कळ घरांत आता लॅपटॉप आला आहे. कुणी तो हप्त्याने घेतला, कुणाला आखातात नोकरीस असलेल्या भावाने पाठविला. एके दिवशी, बहुधा परीक्षेच्या तोंडावर, तो सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, "डिस्क गेली. नवी टाकावी लागेल, आणि विंडोजही नवे घ्यावे लागेल." मग तो दोन आकडे सांगतो. पहिला अस्सल विंडोजचा. तो ऐकून बापाचा चेहरा उतरतो. दुसरा अगदी थोडक्या पैशांचा, "काम चालेल" अशा प्रतीचा. बाप दुसरा आकडा देऊन मोकळा होतो.

लॅपटॉप घेताना विंडोज त्यातच आले असेल, तर या दोहोंपैकी एकही रक्कम देण्याची सहसा गरज नसते. नव्या डिस्कची किंमत आणि ती बसविण्याची मजुरी द्यावी, बस्स.

असे का, ते समजून घ्या. विंडोजचा परवाना म्हणजे २५ अक्षरांची एक चावी असते. विंडोज ७ च्या काळात ती लॅपटॉपच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर छापलेली असे. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या ही चावी मदरबोर्डवरील एका चिपमध्येच लिहून ठेवू लागल्या. पुढे २०१५ साली विंडोज १० आले आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी प्रत्येक यंत्राची ओळख आपल्याकडे नोंदवून ठेवू लागली. त्या नोंदीस डिजिटल लायसन्स म्हणतात. ती ओळख मुख्यतः मदरबोर्डवरून ठरते. म्हणजे परवाना डिस्कमध्ये नाहीच. तो यंत्रात आहे आणि कंपनीच्या दप्तरी आहे. घरातला बल्ब गेला म्हणून कुणी नव्या मीटरचा अर्ज करीत नाही. तसेच हे.

मात्र एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. आपल्याकडे काही लॅपटॉप थोडे स्वस्त मिळतात आणि त्यांच्या बिलावर डॉस किंवा लिनक्स असे लिहिलेले असते. त्यांच्याबरोबर विंडोजचा परवाना येत नाही. दुकानदाराने त्यात विंडोज घालून दिले असेल, तर ते कोठून आले हे त्यालाच विचारावे. बिल जपून ठेवावे ते अशासाठी. लॅपटॉप चालू असेल तर आज घरी गेल्यावर सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन येथे जावे (विंडोज १० असल्यास अपडेट अँड सिक्युरिटीमध्ये जावे). तेथे डिजिटल लायसन्स हे शब्द दिसले की बहुधा चिंता नाही. होम आहे की प्रो, हेही टिपून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

आता विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मित्राच्या किंवा शाळेच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून घ्या. त्यास पैसे पडत नाहीत. ते पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करून देते. पेन ड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवा. त्याच पेन ड्राइव्हवर आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून वाय-फायचा ड्रायव्हरही घेऊन ठेवा. विंडोज ११ बसविताना इंटरनेट मागते, आणि वाय-फाय ओळखलेच गेले नाही तर गाडी तेथेच अडते.

नवी डिस्क बसवा. लॅपटॉप सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा. कधी कधी डिस्क नीट बसलेली असूनही विंडोज म्हणते की डिस्क सापडत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत असे घडते. येथे काही जण नवी डिस्कच खराब म्हणून परत करतात! वास्तविक इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" ने दाखविला की डिस्क दिसू लागते.

मध्येच चावी मागितली तर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" यावर टिचकी मारा. यात लबाडी काही नाही. परवाना होमचा असेल तर होमच निवडा. होमच्या परवान्यावर प्रो बसविले तर ते सक्रिय होत नाही, आणि मग लोक परवानाच गेला म्हणून बोंब मारतात. सर्व बसल्यावर इंटरनेट जोडले की विंडोज कंपनीच्या दप्तरातील नोंद शोधते आणि बहुधा काही मिनिटांत आपोआप सक्रिय होते. समजा झाले नाही, तरी घाबरू नका. कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" असे फिकट अक्षरांत दिसत राहील, पडद्याचे चित्र बदलता येणार नाही. पण अभ्यास थांबत नाही. तेवढ्या अवधीत ट्रबलशूटर चालवा, कंपनीच्या मदत कक्षाशी बोला. मदरबोर्डच बदलला असेल तर गोष्ट निराळी. तेथे नवा परवाना लागू शकतो.

ती फिकट अक्षरे घालविण्यासाठी मात्र बाजारातले फुकट अ‍ॅक्टिव्हेटर वापरू नका. यांतील बहुतेकांची पहिली अट असते, अँटिव्हायरस बंद करा. पहारेकरी बाजूला करा, मग आत येतो, असे म्हणणाऱ्यास आपण घरात घेतो काय? त्याच लॅपटॉपवर वडिलांचे बँकेचे व्यवहार होतात, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीची संगणकप्रणाली वापरणे हा गुन्हा आहे आणि त्यास कैदेची शिक्षा सांगितली आहे.

जुन्या लॅपटॉपांविषयी दोन शब्द. विंडोज ७ आणि ८ च्या चाव्यांवर नवे विंडोज सक्रिय करून देणे मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात बंद केले. त्यापूर्वी जो लॅपटॉप विंडोज १० वर नेला होता, त्याची नोंद मात्र चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. ज्यांच्या यंत्रात ते नाही त्यांनी उबुंटू बसवून पाहावे. ते विनामूल्य आहे, त्यास परवान्याची चावीच नाही, आणि निबंध, हिशेब, इंटरनेट ही कामे त्यावर उत्तम होतात. थोडी सवय करावी लागते, इतकेच.

आता राहिली जुनी डिस्क. ती दुरुस्तीवाल्याकडे सोडून येऊ नका, मागून घ्या. विंडोज बसत नसले तरी तीत फायली शाबूत असू शकतात. बाजारात डिस्कची डबी मिळते; तीत डिस्क घालून यूएसबीने जोडली की कित्येकदा छायाचित्रे आणि प्रकल्प परत मिळतात. पण हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद असते आणि ती उघडण्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिले असेल तर की त्याच्या हाती. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच मुलांना बसवून खाते कोणाच्या नावाचे आहे ते पाहा, ती की वहीत उतरवून घ्या, आणि वही बिलाच्या शेजारी कपाटात ठेवा.