सत्तेचाळिसाव्या वर्षी नवशिका

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी सायंकाळी ‘विनिंग’ हा चित्रपट दाखवण्यापूर्वी शुक्रवारच्या कट्ट्यातर्फे केलेलं भाषण.)



उत्सवात आमच्या कट्ट्याला दरवर्षी एक संध्याकाळ मिळते. यंदा आम्ही मोटारींच्या शर्यतीवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारलं, “गणपतीत हे कुठून काढलंत?” प्रश्न रास्त आहे, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देतो.

आमच्या कट्ट्यात आम्ही नऊ जण, सगळे निवृत्त. त्यातल्या एकांनी चौसष्टाव्या वर्षी तबल्याचा क्लास लावला. वर्गात बाकी सगळी आठ-नऊ वर्षांची मुलं. तीन आठवड्यांत त्यांनी क्लास सोडला. आम्ही कारण विचारलं. म्हणाले, “ठेका चुकला की मुलं हसली असती तर चाललं असतं हो. ती हसत नाहीत, सांभाळून घेतात. ते सहन होईना.” त्या शुक्रवारी योगायोगाने आम्ही पॉल न्यूमनचा चित्रपट लावला होता. चित्रपट संपल्यावर बोलणं तबल्यावर गेलं आणि मग न्यूमनवर आलं, ते अजून संपलेलं नाही.

आमच्या पिढीला न्यूमन सांगायला नको. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’, ‘द स्टिंग’ आणि ते निळे डोळे. नातवंडांनाही तो नकळत ठाऊक आहे. २००६ च्या ‘कार्स’ या कार्टूनपटातल्या डॉक हडसन या म्हाताऱ्या, खडूस गाडीचा आवाज त्याचाच. एके काळी शर्यती गाजवलेली ती गाडी त्याच्या तोंडी शोभली, याचं कारण पुढे येईलच.

जन्म २६ जानेवारी १९२५, आपल्या प्रजासत्ताक दिनाची तारीख. गाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. तरुणपणी युद्धाच्या काळात नौदलात वैमानिक व्हायला गेला, पण रंगांधळेपणामुळे ते जमलं नाही. पुढे नाटक, मग सिनेमा, मग जगभर कीर्ती. १९६८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याच्याकडे ‘विनिंग’ आला. आज आपण पाहणार आहोत तो हाच. त्यात त्याची भूमिका शर्यतीतल्या ड्रायव्हरची, म्हणून त्याला कॅलिफोर्नियात बॉब बाँड्युरंट यांच्या शाळेत गाडी चालवायला शिकायला पाठवलं. भूमिकेसाठी नट घोडेस्वारी शिकतात, तलवार शिकतात आणि चित्रीकरण संपलं की विसरतात. हा विसरला नाही. खेळात आपल्याला कधीच गती नव्हती, इतर खेळ करून पाहिले पण अंगात लय आली नाही, ती पहिल्यांदा गाडीत सापडली, असं तो नंतर सांगत असे.

आता ही लय म्हणजे काय? आम्हालाही वाटत होतं, शर्यत म्हणजे पाय दाबून धरायचा, दुसरं काय! तसं नाही. सरळ रस्त्यावर गाडी कोणीही पळवेल. शर्यत ठरते वळणावर. वळणाच्या आधी ब्रेक नेमका कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, आतल्या कडेला कुठे शिवायचं आणि बाहेर पडताना पुन्हा जोर कधी द्यायचा, हे प्रत्येक वळणाला वेगळं. ब्रेक जरा लवकर दाबला तर वेळ गेला, जरा उशिरा दाबला तर गाडी मातीत. त्यातच ब्रेक दाबता दाबता त्याच पायाने अॅक्सिलरेटरला हलका धक्का द्यायचा, म्हणजे गिअर खाली आणताना मागची चाकं अडखळत नाहीत. उत्तम ड्रायव्हरची गाडी बाहेरून पाहिली तर संथ वाटते. आमचे तबलावाले मित्र यावर पटकन म्हणाले, “म्हणजे समेवर येणं!” आम्ही मान डोलावली. दुसरं काय करणार?

१९७२ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कनेटिकट राज्यातल्या थॉम्पसन इथे तो लोटस गाडी घेऊन पहिल्या शर्यतीत उतरला. ही हौशी लोकांच्या क्लबची शर्यत होती. आपलं मंडळ चालतं तसेच हे क्लब चालतात, घरची कामं सांभाळून आलेल्या माणसांवर. शर्यतीसाठी त्याने नाव नोंदवलं ते ‘पी. एल. न्यूमन’ असं. पॉल लिओनार्डची आद्याक्षरं. (आपल्याकडे पी. एल. म्हटलं की हात आपोआप जोडले जातात, पण ते वेगळे.) एवढं मोठं नाव घरी ठेवून दोन अक्षरांमागे उभं राहायचं आणि निम्म्या वयाच्या पोरांकडून हरायचं. तेही एकदोनदा नाही. सुरुवातीला तो काही चमकला नाही. हळूहळू, वर्षावर्षाने, सेकंदासेकंदाने सुधारला. चित्रीकरणाच्या तारखाही तो शर्यतींचा हंगाम टाळून द्यायला लागला. १९७६ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, ट्रायम्फ टीआर-६ गाडीत त्याने आपल्या गटाचं राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवलं. पुढे १९७९, १९८५ आणि १९८६ ला पुन्हा.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शर्यतींबद्दल बोलून बोलून त्याने मित्रांना भंडावून सोडलं होतं. पन्नासाव्या वाढदिवसाला रॉबर्ट रेडफर्डने एक पार चक्काचूर झालेली पोर्शे फीत बांधून त्याच्या दाराशी नेऊन टाकली. न्यूमन काहीच बोलला नाही. काही दिवसांनी रेडफर्डच्या घराच्या दिवाणखान्यात लोखंडाचा एक ठोकळा अवतरला, तीच गाडी दाबून केलेला. रेडफर्डने त्या लोखंडाचं शिल्प करवून घेतलं आणि गुपचूप न्यूमनच्या बागेत ठेवलं. दोघांनीही एकमेकांपाशी याचा कधी उल्लेख केला नाही, असं रेडफर्ड हसत सांगायचा.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा स्कॉट अमली पदार्थांमुळे अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर सातच महिन्यांनी, जून १९७९ मध्ये, न्यूमन फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. वय चौपन्न. पोर्शे ९३५, सोबत जर्मनीचा रोल्फ स्टोमेलेन आणि गाडीचा मालक डिक बार्बर. पाऊस होता. गाडी आळीपाळीने चालवायची, रात्रभर. खरा वेगवान ड्रायव्हर स्टोमेलेनच होता, न्यूमनचं काम गाडी न आपटता, वेळ न गमावता दुसऱ्याच्या हाती देण्याचं. शेवटच्या टप्प्यात आघाडीवरची गाडी पट्टा तुटून रस्त्यात थांबली आणि त्यांना पहिला नंबर दिसू लागला. नेमकी तेव्हाच यांच्या चाकाची एक नट अडकून बसली. यांत्रिक घाम गाळताहेत, घड्याळ पळतंय! आघाडीची गाडी तिच्या ड्रायव्हरने रस्त्यातच दुरुस्त केली आणि तीच जिंकली. न्यूमनची गाडी दुसरी आली. छायाचित्रकारांनी मात्र त्याला असा गराडा घातला की तो पुन्हा ल मान्सला कधी गेला नाही.

इथे आमच्या कट्ट्यात भांडण झालं, ते तुमच्यापुढे ठेवतो. आमच्यातल्या एका ताईंचं म्हणणं, याला हौस म्हणायचं की स्वार्थ? मुलगा गेलेला, घरी पाच मुली, आणि बाप ताशी तीनशे किलोमीटरने गाडी हाकतोय. त्याच्या पत्नीला, जोअन वुडवर्डला, या शर्यती आवडत नसत. धोकाही पोकळ नव्हता. तोच स्टोमेलेन १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला अपघातात गेला. न्यूमन तरीही थांबला नाही. ताईंचं म्हणणं आम्हाला खोडता आलेलं नाही. दुसरे म्हणाले, पैसा होता म्हणून जमलं. तेही खरं. गाडी पैशाने येते. पण घड्याळापुढे पैसा चालत नाही, वळणावरची ती चूक पैसे देऊन दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेता येत नाही.

पुढचं थोडक्यात. १९८३ ला कार्ल हास यांच्याबरोबर त्याने संघ काढला. मारिओ आन्द्रेत्ती, नायजेल मॅन्सेल असे ड्रायव्हर त्या संघातून विजेते झाले, एकूण आठ विजेतेपदं. सॅलडच्या मसाल्याचा धंदा काढून सगळा नफा दानधर्माला दिला, तो विषय वेगळा आणि मोठा.

फेब्रुवारी १९९५. सत्तरावा वाढदिवस होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. फ्लोरिडातल्या डेटोनाला, पुन्हा चोवीस तासांची शर्यत. फोर्ड मस्टँग, गाडीचा क्रमांक ७०. तिघे जोडीदार त्याच्याहून कितीतरी तरुण. गाडी आपल्या गटात पहिली आणि एकूण स्पर्धेत तिसरी आली. एवढ्या मोठ्या शर्यतीच्या विजेत्या संघात इतक्या वयाचा ड्रायव्हर त्याआधी कोणी पाहिला नव्हता. पुढे क्लबच्या शर्यतींत तो गाडीवर आपलं वयच क्रमांक म्हणून लावू लागला. ब्याऐंशीव्या वर्षी गाडीवर ८२.

ऑगस्ट २००८ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने थकलेला असताना, त्याला कनेटिकटमधल्या लाईम रॉकच्या मैदानावर नेलं. घरापासून फार दूर नाही, तिथली वळणं त्याला पाठ. मैदान त्याच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. त्याने गाडीत बसून काही फेऱ्या मारल्या. २६ सप्टेंबरला तो गेला.

आमचे तबलावाले मित्र आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. क्लास अजून बंदच आहे, पण डग्गा त्यांनी परत केलेला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक आहे.

चित्रपट दोन तासांचा आहे, मध्यंतरात चहा मिळेल. मागचे दिवे मालवावेत.