पुढारी आधीं कीं खोली आधीं ?

(भिवंडी येथें समलिंगी व तृतीयपंथी तरुण आणि त्यांचे सोबती यांच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशीं झालेलें भाषण)

अध्यक्ष महाराज, बंधुभगिनींनो, आणि या दोन शब्दांत ज्यांना बसावयाचें नाहीं अशा माझ्या सोबत्यांनो,

तुमच्या शिबिराच्या पत्रिकेंत 'नेतृत्वाचें शिक्षण' असा विषय छापलेला आहे. दोन दिवस तुम्हीं सभेंत उभें राहून बोलण्याचा, पत्रक लिहिण्याचा, वेड्यावाकड्या प्रश्नांना शांतपणें उत्तर देण्याचा सराव केला. मीं तो मागें बसून पाहिला व मला आनंद झाला. पण आनंद झाला एवढें सांगून खालीं बसणें हें बाहेरगांवच्या पाहुण्याचें काम. मी याच गांवचा. म्हणून थोडें कडू बोलणार आहें, तें आपण ऐकून घ्यावें.

२०१९ सालची गोष्ट. एका रात्रीं माझ्या दारीं एक पोरगा आला. वय बावीसच्या आसपास. उत्तर प्रदेशांतून आलेला, पॉवरलूमवर रातपाळी करणारा, शांतीनगरांत आठ जणांच्या खोलींत राहणारा. मोबाइलवर ओळख झालेल्या एका इसमानें त्याला भेटीस बोलाविलें, फोटो काढले आणि "पैसे दे, नाहीं तर हे तुझ्या खोलीवर व गांवीं पाठवितों" अशी धमकी घातली. पोरानें दोन महिन्यांचा पगार देऊन टाकला होता. तरी फोटो खोलीवर पोंचले आणि त्याचें अंथरूण बाहेर फेंकलें गेलें. मीं काय केलें? मीं त्याला भाषण दिलें! ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला आहे, दोन सज्ञान माणसांनीं राजीखुशीनें ठेवलेला संबंध आतां ३७७ कलमाखालीं गुन्हा नाहीं, गुन्हेगार तूं नव्हेस, तो पैसे उकळणारा आहे, सरळ चौकीवर जा, असें मीं ठासून सांगितलें. त्यानें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "चाचा, वह सब ठीक है, पर आज रात सोऊँ कहाँ?"

माझ्या घरीं त्या दिवशीं पाहुणे होते. मीं त्याला मुंबईंतील एका संस्थेचा पत्ता लिहून दिला आणि दार लावून घेतलें. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. तो मुंबईस पोंचला, कीं गांवीं परत गेला, कीं आणखी कांहीं झालें, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

माझा कायदा बरोबर होता. पण त्या रात्रीं त्याला कायदा नको होता, चटई हवी होती. तेव्हांपासून मी नेतृत्वाचा विचार खोलीपासून करूं लागलों.

तुम्ही म्हणाल, मुंबईंत केवढे मोर्चे निघतात, आपण खोलीचें काय घेऊन बसलों! तर मुंबईचाच हिशेब पाहा. १९९० सालीं अशोक राव कवी व त्यांच्या मित्रांनीं 'बॉम्बे दोस्त' हें पत्र काढलें. १९९४ सालीं हमसफर ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढें सांताक्रूझला वाकोल्याच्या जुन्या महापालिका इमारतींत त्यांना जागा मिळाली. तेथें पोरें येऊं लागलीं, बोलूं लागलीं, रडूं लागलीं, एकमेकांना दवाखान्यांत नेऊं लागलीं. ऑगस्ट क्रांती मैदानापासून मोठा मोर्चा निघाला तो १६ ऑगस्ट २००८ रोजीं, म्हणजे संस्थेनंतर चौदा वर्षांनीं. पुण्यास बिंदुमाधव खिरे यांनीं समपथिक ट्रस्ट २००२ सालीं काढला, आणि तेथील पहिला मोर्चा २०११ सालचा. आपण मोर्चाचे फोटो पाहतों. त्याआधींचीं वर्षें फोटोंत येत नाहींत.

आणि भिवंडीच्या मुलाला वाकोला जवळ नाहीं. बारा तासांची पाळी संपवून रिक्षानें कल्याण किंवा ठाणें गांठावयाचें, तेथून लोकल, आणि परत येऊन पाळीवर उभें राहावयाचें. एका बैठकीला एक दिवसाची मजुरी जाते. शिवाय तेथें गेल्यावर अर्धें बोलणें इंग्रजींत. 'क्वीअर' हा शब्दच घ्या. इंग्रजांच्या मुलुखांत ती एके काळीं शिवी होती, तऱ्हेवाईक अशा अर्थाची. ज्यांना ती दिली त्यांनींच ती उचलून आपल्या अंगावर मिरविली. उत्तम केलें. पण पद्मानगरांतल्या तेलुगू आईला किंवा वंजारपट्टीच्या अम्मीला तो शब्द सांगून काय उजेड पडणार? तिला तिच्या बोलींत सांगावें लागेल कीं तुझें मूल आजारी नाहीं, बिघडलेलें नाहीं, जन्मतःच असें आहे. त्यासाठीं मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चारही भाषांत बोलणारीं माणसें तयार झालीं पाहिजेत. या खोलींत तीं बसलीं आहेत, हें मला दिसतें आहे.

समाज बांधण्याचें उदाहरण आपल्याच गांवांत आहे. १९७० सालीं व पुन्हां मे १९८४ मध्यें भिवंडींत हिंदु-मुसलमानांचे भयंकर दंगे झाले. पुढें १९८८ सालीं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला कमिट्या काढल्या. दोन्ही धर्मांचीं साधीं माणसें आणि त्या भागाचा पोलीस नियमानें एकत्र बसूं लागले. बैठकींत बोलणें रोजच्या लहानसहान तक्रारींचें. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली तेव्हां भिवंडी शांत राहिली. कां? दंगा होण्याआधींच माणसें एकमेकांना नांवानें ओळखत होतीं. आपलेंही तसेंच आहे. पोरगा घराबाहेर काढला गेल्यावर दोस्त शोधावयाचा नसतो. दवाखान्यांतील एक डॉक्टर, ठाण्यांतील एक वकील, चौकीवरचा एक समजूतदार हवालदार, खोली देणारी एक म्हातारी, यांच्याशीं ओळख आधीं करून ठेवावयाची. हें काम करील तो पुढारी. त्याच्या गळ्यांत हार पडणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

आतां सोबत्यांना दोन शब्द. मी स्वतः बायकापोरांचा माणूस, मला कोणी खोलींतून काढणार नाहीं. लोक आठ दिवस हंसतील आणि विसरतील. कांडी भरणाऱ्या पोराचें नांव फुटलें तर खोली जाते, काम जातें, गांव जातो. तेव्हां ज्याचें थोडें जाणार त्यानें चौकीवर, घरमालकाकडे, सेठकडे पुढें व्हावें. मात्र व्यासपीठ आलें कीं त्यानें मागें सरावें. माझेंच पाहा, मी येथें बोलतों आहें हेंही थोडें चुकीचेंच आहे! आणि कोणाचें नांव कोणीं दुसऱ्यानें उघड करूं नये; आईपाशींही नाहीं, बढाईखातरही नाहीं. अठराच्या आंतलें मूल आलें तर त्याला रात्रींच्या बैठकींत न बसवितां जबाबदार माणसापाशीं न्यावें.

तृतीयपंथी समाजांत गुरु-चेल्याची जुनी रीत आहे. घरानें टाकलेल्या मुलाला गुरूनें छप्पर दिलें, नांव दिलें. हें उपकार मोठे. पण त्याच छपराखालीं कमाईचा वांटा द्यावा लागतो, गुरूविरुद्ध बोलतां येत नाहीं, अशा तक्रारीही त्याच समाजांतून येतात. आपण छप्पर घ्यावें, जोखड घेऊं नये. अध्यक्ष सहा महिन्यांनीं बदलावा, जमाखर्च दर महिन्यास वाचून दाखवावा.

आणि कागद वाचावयास शिका. जळगांव जिल्ह्यांत भादली बुद्रुक येथें अंजली पाटील यांनीं ग्रामपंचायतीसाठीं महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेल्या, अर्ज मान्य झाला, आणि जानेवारी २०२१ मध्यें त्या निवडून आल्या. मुदत ठाऊक नसती तर सगळा हक्क पेटींत पडून राहिला असता. तुमच्यासाठींही एक सांगतों: १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. लूमवर काम करणाऱ्या आपल्या किती पोरांना हें ठाऊक आहे? हात वर करा पाहूं. तीन. बरें, उद्यां तीस झाले पाहिजेत. विधिसेवेचा फोन १५१००, आणि मन फार खचलें तर सरकारी मदतीचा १४४१६. हे दोन आंकडे मोबाइलमध्यें नको, तोंडपाठ असूं द्या.

लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें मिळाला नाहीं. तो लढा चालेल. त्यावर आज बोलत नाहीं, कारण वेळ झाली आहे आणि रातपाळीवाले घड्याळाकडे पाहत आहेत.

एक काम मात्र उरकूनच उठूं. कामतघरच्या बाजूस एक खोली पाहिली आहे. भाडें सोबत्यांनीं वांटून घ्यावयाचें. पहिल्या तीन महिन्यांचें मी देतों, तें कर्ज माझ्याकडे जुनें आहे. चटया चार, कुलूप एक, किल्ल्या तीन. एक किल्ली दिवसपाळीवाल्याकडे, एक रातपाळीवाल्याकडे, तिसरी कोणाकडे ठेवावयाची तें आतां मतें घेऊन ठरवा. मी मत देणार नाहीं.